मधे बोलायचा वर्ग

आमची सून विद्यापीठात इंग्रजी शिकवते. ज्यांना येत नाही त्यांना शिकवणं मी समजू शकते, पण ही ज्यांना येतं त्यांनाच शिकवते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी विचारलं, "येतंय ना त्यांना? मग शिकवायचं काय राहिलं?" तर म्हणाली, "आई, त्यांना भाषा येते, पण बोलता येत नाही."

"म्हणजे आपल्या घरातल्या पुरुषांसारखं."

ती हसली नाही. माझ्या विनोदाला ती सहसा हसत नाही. शिकलेल्या माणसांना जरा उशीर लागतो.

तिची नोकरी पक्की नाही, सत्रापुरती आहे. एक सत्र संपलं की दुसऱ्यासाठी वरच्यांची मर्जी. सत्राच्या शेवटी तोंडी परीक्षा असते. मुलांना गोल टेबलाभोवती बसवतात, एखादा विषय देतात, आणि बाहेरून आलेला परीक्षक कोपऱ्यात बसून त्यांची चर्चा ऐकतो. गेल्या वेळी त्याने शेरा मारला, की ही मुलं चर्चा करत नाहीत, भाषणं करतात. एकाचं संपलं की दुसरा सुरू, बँकेच्या खिडकीसमोर रांगेत उभे असल्यासारखे. मग प्रमुखांनी सुनेला बोलावून सांगितलं, यंदाही असंच झालं तर हा वर्ग बंद. वर्ग बंद म्हणजे सून घरी.

हे सगळं मला मुलाने सांगितलं. ती काही बोलली नव्हती. ती भांडी जोरात लावत होती, तेवढ्यावरून मी काय ते ओळखलं होतं.

रविवारी तिची मुलं आमच्याकडे आली. विद्यापीठात रंगकाम चाललं होतं, म्हणून वर्ग आमच्या बाहेरच्या खोलीत भरणार होता. चांगली घोडमी मुलं, पण बसली कशी, तर भिंतीला पाठ लावून, गुडघे जवळ घेऊन, लस टोचून घ्यायला आल्यासारखी. एक चष्मेवाला होता, तो प्रत्येक वाक्याआधी सॉरी म्हणायचा. पाणी हवं का विचारलं तरी आधी सॉरी. मी त्याचं नावच सॉरी ठेवलं. एक मुलगी इतकं हळू बोलायची की तिचं बोलणं तिच्याच कानापर्यंत पोचत असेल की नाही कोण जाणे. ती कुजबुज.

त्याच वेळी वन्सं आल्या. माझी नणंद पलीकडच्या गल्लीत राहते आणि दर रविवारी येते, पाहुणी म्हणून नाही, तपासणीला. आल्या आल्या आमचा नेहमीचा विषय निघाला. सासूबाई गेल्या तेव्हा त्यांचे शेवटचे शब्द कोणाला उद्देशून होते? वन्सं म्हणतात त्यांना, मी म्हणते मला. खरं सांगायचं तर सासूबाई "पंखा कमी कर" म्हणाल्या होत्या. पण कोणाला म्हणाल्या, हा मुद्दा आहे.

"वहिनी, मी उशाशी होते—"

"उशाशी होतात, पण बटण कोणाच्या हाताशी होतं?"

"बटणाचा काय संबंध? आई माझ्याकडे बघून—"

"बघून! त्यांना शेवटी दिसत कुठे होतं, वन्सं?"

"दिसत नव्हतं म्हणूनच तर लेकीचं—"

इथे मी उठून आत पाणी प्यायला गेले. आमच्यात तशी रीत आहे. ज्याची बाजू लंगडी पडते तो पाणी प्यायला जातो, आणि तो परत येईपर्यंत दुसऱ्याने मुद्दा पुढे न्यायचा नाही. माझी बाजू लंगडी पडली नव्हती, मला तहान लागली होती. परत आले तेव्हा सगळी मुलं खाली माना घालून भराभरा लिहीत होती. मला बरं वाटलं. म्हटलं, हल्लीच्या मुलांना मोठ्यांच्या बोलण्याची एवढी किंमत आहे तर!

जाताना सॉरी माझ्याजवळ आला. "सॉरी आजी, एक विचारायचं होतं. मधे बोलायचं असतं तेव्हा तुम्ही आधी हात वर करता की आवाज?"

मी सुनेकडे बघितलं. सून खिडकीकडे बघत होती.

मुलं गेल्यावर मी तिला धरलं. "मी काय प्रयोगशाळेतला बेडूक आहे?"

"नाही आई. तसं नाही. ही मुलं कोणाला मधे थांबवत नाहीत, कोणाचं खोडून काढत नाहीत. पुस्तकात वाक्यं दिलीत, ती पाठ आहेत त्यांना. पण प्रत्यक्षात धीर होत नाही. मला वाटलं, एकदा खरं बघितलं तर—"

"खरं बघायला माझंच घर सापडलं?"

"याच्याइतकं खरं मला दुसरं माहीत नव्हतं," ती म्हणाली. यात स्तुती किती आणि टोमणा किती, याचा मी रात्रीच्या जेवणापर्यंत विचार केला. शेवटी स्तुती धरायचं ठरवलं आणि सांगितलं, पुढच्या रविवारीही आण.

तिथेच घोटाळा झाला. मी वन्संना आधी कल्पना दिली. त्या रविवारी वन्सं कपाटातले चांगले कपडे घालून, केस नीट बसवून आल्या. मीही जरा बरी दिसत होते. मुलं भिंतीला टेकून बसली, पेनं उघडली, आणि आम्ही सुरू केलं.

"वहिनी, आधी तुम्ही बोला."

"छे छे, वन्सं, तुम्ही मोठ्या. तुमचा मान."

"तसं तुमचं म्हणणंही बरोबरच आहे म्हणा. पंख्याचं."

"तुमचंही चूक नाही हो. उशाशी होतातच तुम्ही."

जन्मात आम्ही एकमेकींशी इतकं गोड बोललो नव्हतो. मला स्वतःलाच ओशाळल्यासारखं झालं. मुलं इमानदारीत लिहून घेत होती. कुजबुजने तर मान डोलावली. सून दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, आणि तिचा चेहरा नासलेल्या दुधासारखा झाला होता.

आता माझा स्वभाव असा, की आपलं बिनसलं की मी ते दुसऱ्याच्या पदरात टाकते. मी सुनेला म्हटलं, "तुझ्या या मुलांतच जीव नाही, त्याला आम्ही काय करणार? मास्तरीण तशी मुलं. तुला तरी कुठे चार माणसांत बोलता येतं? आणि गेली नोकरी तर गेली. काही आभाळ कोसळत नाही. घरात काम थोडं आहे का? उलट—"

"नाही आई."

इतक्या वर्षांत तिने मला मधे तोडलं नव्हतं. मला वाटलं, दुसरंच कोणी बोललं. मी पुढे सुरू केलं, "उलट तुझीच धावपळ—"

"नाही. मला पूर्ण बोलू द्या."

"अगं, मी तुझ्याच भल्याचं—"

"तुम्ही माझ्या भल्याचं बोलता तेव्हा मी काय म्हणतेय ते कधी ऐकलंय? या घरात माझं एक वाक्य पूर्ण होत नाही. मी 'आज मला' म्हटलं की तुम्ही 'उशीर होईल ना, माहितीये' म्हणता. उशीर होणारच नसतो! मला दुसरंच सांगायचं असतं. तिकडे वर्गात मी सुरुवात करते आणि शेवटपर्यंत जाते. रोज. म्हणून मला ती नोकरी हवीय. घरात काम आहे की नाही ते मला नका सांगू."

मी उठले आणि पाणी प्यायला आत गेले.

ती माझ्या मागोमाग स्वयंपाकघरात आली. हे आमच्या रीतीत बसत नाही, मी तिला तसं सांगणारही होते, पण माझ्या तोंडात पाणी होतं. ती ओट्याला हात टेकून बोलत राहिली. की तिला ही मुलं आवडतात. की सॉरीच्या घरी त्याचे वडील जेवताना कोणाला बोलू देत नाहीत. की कुजबुजला तीन भाषा येतात आणि तिन्हींत ती गप्प असते. की ती स्वतःही लग्न होऊन आली तेव्हा अशीच होती, आणि अजूनही अशीच आहे, आणि अशा बाईने दुसऱ्यांना मधे बोलायला शिकवायचं म्हणजे हसण्यासारखीच गोष्ट आहे.

बाहेरून वन्संचा आवाज आला, "वहिनी, आज तर नळाशीच गाठलं हो तुम्हाला!" त्यांना इतका आनंद झालेला मी त्यांच्या नातवाच्या बारशालाही बघितला नव्हता.

मी बाहेर आले. कोणी लिहीत नव्हतं. सगळ्यांची तोंडं उघडी. मी म्हटलं, "बघितलंत? घरात एवढं बोलते तुमची मॅडम, आणि तीच म्हणते, वर्गात तुम्हाला धीर होत नाही. तुम्हा पोरांना—"

"आजी, एक मिनिट," सॉरी म्हणाला. आधी सॉरी न म्हणता. "मॅडम तसं म्हणाल्याच नाहीत."

"अरे पण मी—"

"थांब ना तू, तिला बोलू दे," कुजबुज म्हणाली, म्हणजे त्याला म्हणाली, पण आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. तिला तरी कोणाला बोलू द्यायचं होतं ते कळलं नाही, कारण तोवर सगळीच बोलायला लागली होती. अर्धी आपल्या भाषेत, अर्धी इंग्रजीत. बोलणं कुठून कुठे गेलं ते मलाच समजेना. वन्सं हात वर करून उभ्या होत्या, पण कोणी त्यांना विचारत नव्हतं. मुलांतला एक तर त्या गडबडीत आत जाऊन पाणी पिऊन आला, आणि परत येऊन तिथूनच सुरू झाला.

परीक्षेच्या दिवशी मी सुनेबरोबर गेले. मला त्याच रस्त्यावर चष्म्याचं काम होतं. चष्म्याला काही झालं नव्हतं, पण दाखवून घेतलेलं बरं असतं.

परीक्षेच्या खोलीला काचेचं दार होतं. बाहेर बाकडं, बाकड्याशेजारी पाण्याचं यंत्र. मी बाकड्यावर बसले. आत गोल टेबल, त्याभोवती मुलं, आणि कोपऱ्यात परीक्षक. पिकलेल्या केसांचा, मांडीवर फाईल, चेहरा असा की आधीच सगळं ऐकून झालंय. सून भिंतीपाशी उभी. ती बोटं मोडत होती. घरी मी तिला त्यावरून टोकते, तिथे काही करता येत नव्हतं.

सुरुवातीला एक बोलला, मग दुसरा, मग तिसरा. रांगच. मग कुजबुजने हात वर केला आणि ती बोलणाऱ्याच्या वाक्यात शिरली. मला इंग्रजीचा गंधही नाही, पण खोडून काढणं कुठल्याही भाषेत ओळखू येतं. तो मागे सरला नाही, त्याने तिला तोडलं, तिने त्याला, सॉरी दोघांच्या मधे पडला, टेबलावर थापा बसल्या. परीक्षकाने फाईल सरळ धरली.

तेवढ्यात दार उघडून कुजबुज बाहेर आली आणि यंत्राशी उभी राहून पाणी प्यायली.

"काय गं? हरतेयस?"

"हो आजी. पण माझा एक मुद्दा शिल्लक आहे." आणि ती आत गेली.

तिच्यामागून सॉरी आला. त्याच्यामागून अजून एक. मी कपाळाला हात लावला. हे आमच्या घरचं आहे, परीक्षेचं नाही, हे त्यांना कोणीच सांगितलं नव्हतं. आत परीक्षक दर वेळी दाराकडे बघायचा आणि काहीतरी लिहायचा. जो बाहेर असेल त्याच्यासाठी बाकीची मुलं विषय थांबवून धरत होती, रीतीप्रमाणे.

वेळ संपली. मुलं उभी राहिली. परीक्षक सुनेकडे वळून बोलायला लागला, फाईलवर बोट आपटत. त्याचा सूर मला ओळखीचा होता. समोरच्याच्या भल्यासाठी बोलणाऱ्या माणसाचा सूर तसाच असतो. सून मान खाली घालून ऐकत होती. मग तिने मान वर केली, तळवा उचलला आणि बोलायला लागली. त्याचं तोंड उघडंच राहिलं. त्याने मिटलं, पुन्हा उघडलं. तिने तळवा खाली घेतला नाही. ती बोलत गेली आणि शेवटपर्यंत गेली.

सॉरी बाहेर आला तेव्हा मी विचारलं, "काय म्हणाला तो?"

"म्हणाला, मुलं उठून बाहेर जातात, एकमेकांना तोडतात, ही शिस्त नाही. मॅडम म्हणाल्या, गेल्या वेळी तुम्हीच लिहिलं होतं की ही चर्चा नाही. आज ती झाली की नाही, तेवढं सांगा."

"मग?"

"म्हणाला, झाली."

थोड्या वेळाने प्रमुखबाई बाहेर आल्या आणि माझ्यासमोरच, आपल्या भाषेत, सुनेला म्हणाल्या, "पुढचं सत्र तुम्हीच घ्या. फक्त पाण्याच्या बाटल्या टेबलावर ठेवत चला." सुनेने थँक्यू म्हटलं आणि हाताच्या पाठीने नाक पुसलं. मी माझ्या पिशवीत रुमाल शोधला आणि तिच्याकडे न बघता दिला.

बसमध्ये जागा एकच होती, ती मी घेतली. ती दांडीला धरून उभी राहिली आणि बोलायला लागली. परीक्षक काय म्हणाला, मग ती काय म्हणाली, मग तो काय म्हणाला असता आणि मग ती काय म्हणाली असती. पुढच्या सत्राला काय काय करणार. बाहेरच्या खोलीत तिला एक टेबल हवंय. कुठे ठेवायचं, ते कसं माझ्या खुर्चीच्या आड येणार नाही. मला त्यातल्या निदान पाच ठिकाणी बोलायचं होतं, आणि टेबलाच्या बाबतीत तर फारच.

आमचा थांबा येईपर्यंत मी मधे एक शब्द बोलले नाही. बसचा आवाजच तेवढा होता.