पास्टर हानिस गप्प बसले तेव्हा

"चाळीस दिवस तोंडातून एक शब्दही काढायचा नाही," डॉक्टरीणबाईंनी बजावलं. "कुजबुजायचंसुद्धा नाही. घशातल्या गाठी काढल्यात, जखम ओली आहे."

"हालेलूया," पास्टर हानिस सवयीने म्हणून गेले.

"तेसुद्धा नाही!"

त्यांची बायको स्युल्चे पदर तोंडाला लावावा तसा हातरुमाल तोंडाला लावून हसू दाबत बसली. पास्टरांनी तिच्याकडे रागाने पाहिलं. बोलायला तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं.

तोमोहोन शहराच्या वरच्या अंगाला डोंगरात असलेल्या त्यांच्या गावात या आवाजाची ख्याती होती. पास्टर चर्चमध्ये प्रार्थना करायला लागले, की टेकडीवर शिडीला लटकून लवंगा खुडणारे वरूनच 'आमेन' म्हणायचे. एकेचाळीस वर्षांपूर्वी एक गिटार आणि नवी नवरी घेऊन ते इथे आले होते. पहिली उपासना लवंगेच्या झाडाखाली झाली. ऐकायला चार माणसं, त्यातलं एक ठार बहिरं. आता रविवारी दोनशे माणसं टाळ्या वाजवत, हात उंचावून गायची. ज्यांच्या दारात इतर कोणी जायचं नाही, त्यांच्या दारात पास्टर सकाळीच हजर व्हायचे. आजाऱ्यांच्या डोक्यावर हात ठेवायचे, आणि प्रार्थनेने दुखणं उतरलं नाही तर तेच त्यांना पाठीवर घेऊन दवाखाना गाठायचे.

घरी आल्यावर नातीची पाटी पास्टरांच्या गळ्यात आली. पहिल्याच दिवशी त्यांनी तिच्यावर लिहिलं, 'रविवारी उपदेश कोण करणार?'

"तुम्ही नाही, एवढं नक्की," स्युल्चे म्हणाली आणि मक्याच्या पेजेत भोपळा ढवळत राहिली.

पहिल्या रविवारी जावयाने कागदावरून वाचून दाखवलं. तिसऱ्या पानावर पुढच्या बाकावरच्या ओमा यूल, म्हणजे गावाच्या यूल आजी, घोरायला लागल्या. दुसऱ्या रविवारी शहरातून एक तरुण पास्टर आले. ते इतकं गोड बोलले, की कोणाच्या तोंडून आमेनच निघेना. तिसऱ्या रविवारच्या आधी निम्मं गाव म्हणायला लागलं, की पास्टर बरे होईपर्यंत खालच्या गावातल्या चर्चला जावं. पास्टरांनी पाटीवर एक भलंमोठं प्रश्नचिन्ह काढलं आणि अंगणात जाऊन बसले.

स्युल्चेने मात्र चप्पल पायात सरकवली आणि तडक मिनीबसच्या थांब्यावर गेली. तिथे तिचा मुलगा नोल्डी तळलेली केळी तिखट चटणीत बुडवून खात गाडीच्या पायरीवर बसला होता.

"येत्या रविवारी तू बोलायचंस," ती म्हणाली.

नोल्डीला ठसका लागला. "मी? आई, बावीस वर्षं मी त्या दारातून आत गेलेलो नाही."

"माहीत आहे. मला दाराशी सोडतोस आणि खिडकीखाली गाडी लावून बसतोस. ऐकू येतं ना तिथे?"

"ऐकू येतं? अगं, पाठ झालंय सगळं!"

"मग झालं तर."

तो आत का जात नाही, हे गावाला ठाऊक होतं. अकरा वर्षांचा असताना बाप्तिस्म्याच्या दिवशी नदीच्या गार पाण्याला घाबरून तो पांढऱ्या झग्यासकट शेतातून पळत सुटला होता. पुढे विश्वास डळमळण्याचा विषय निघाला, की पास्टर तोच दाखला द्यायचे, अगदी पळून दाखवायचे. लोक पोट धरून हसायचे. मुलगा सोळाचा झाला तेव्हा एका रविवारी उठला, बाहेर गेला, तो गेलाच. पास्टरांना वाटलं, पोराचं मन देवावरून उडालं. त्यांनी रोज त्याच्यासाठी प्रार्थना केली. तोही येता-जाता त्यांना गाडीतून सोडायचा, औषधं आणायचा. पण त्या दिवसाबद्दल दोघंही कधी बोलले नाहीत.

"एका अटीवर," नोल्डी म्हणाला. "बाबांनी पहिल्या बाकावर बसायचं."

"बसतील की. आणि तोंडातून ब्र काढणार नाहीत, याची हमी डॉक्टरीणबाईंनी दिली आहे."

रविवारी चर्चमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. खालच्या गावातलेही वर आले होते. नोल्डी इस्त्रीचा शर्ट घालून उभा राहिला. पास्टरांच्या बुटक्या उंचीला बसवलेला माइक त्याच्या छातीशी येत होता. तो मान वाकवून बोलायला लागला.

"नमस्कार मंडळी. विश्वास डळमळतो म्हणजे काय होतं, ते आज सांगतो. दाखला घरचाच आहे."

पास्टर पाटी घट्ट धरून बसले.

"एकदा एक पास्टर प्रार्थनेला निघाले. वाटेत कोणाचा तरी हंस मागे लागला. पास्टर धावत लवंगेच्या झाडावर चढले आणि वरून ओरडले, 'देवा, याला आवर!' हंस काही आवरेना. शेवटी बायको झाडू घेऊन आली."

चर्च हसून कोसळलं. ओमा यूल ओरडल्या, "आमेन! मी पाहिलंय!" पास्टरांचा चेहरा लालबुंद झाला. त्यांनी घाईघाईने पाटीवर 'हंस मोठा होता' असं लिहून वर धरलं. ते वाचून लोक आणखीच हसले. पास्टरांनी पाटी खाली घेतली. कान तापले होते, मांडीखाली बाक रुतत होता. अकरा वर्षांच्या पोराला कसं वाटलं असेल, हे त्यांना आज पहिल्यांदा कळत होतं.

नोल्डी थांबला. आता त्याचा आवाज खाली आला.

"त्याच पास्टरांचा मुलगा एकदा नदीतून पळाला होता. ते तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय. पुढचं कोणी सांगितलं नाही. मुलगा उसाच्या शेतात लपून बसला. पास्टर भिजल्या कपड्यांनी शोधत आले. रागावले नाहीत. शेजारी बसले, काठावर काढून ठेवलेला स्वतःचा कोरडा कोट त्याच्या अंगावर टाकला आणि म्हणाले, 'पाणी खरंच फार गार आहे रे. मीही कुडकुडलो.' देव कसा असेल असं मला कोणी विचारलं, तर मला तेच आठवतं."

कोणी हसलं नाही. ढोलवाल्याने टिपरी खाली ठेवली. स्युल्चे रुमालाने डोळे टिपत होती, आणि पास्टरांना आठवेना, की आपण हा अर्धा भाग का कधीच सांगितला नाही.

ते उठले. लोक घाबरले, आता हे बोलतात की काय! स्युल्चेने त्यांची बाही धरली. त्यांनी ती हळूच सोडवली, चार पावलं चालत माइकपाशी गेले आणि दांडीचा स्क्रू पकडला. एवढ्या वर्षांत तो कधी हलवलाच नव्हता. गंजून घट्ट बसला होता. पास्टर दोन्ही हातांनी पिळत राहिले, सगळं चर्च माना उंचावून बघत राहिलं. अखेर कर्र आवाज करत स्क्रू सुटला. त्यांनी दांडी वीतभर वर ओढली, लेकाच्या तोंडासमोर आणली, स्क्रू आवळला आणि बोटाने माइकवर टकटक केलं.

मग ते आपल्या जागी येऊन बसले, आणि नोल्डी पाठ सरळ करून पुढे बोलू लागला.