गोल म्हणजे शून्य

मी रागीट माणूस. पोरं मला मागून 'भट्टी' म्हणत, हे मला ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. मास्तरची भीती वाटलीच पाहिजे, असं माझं मत. एकोणीसशे शहाऐंशीच्या डिसेंबरात, एका दुपारी, त्याच भीतीनं माझं मानगूट धरलं.

चिखलीच्या आमच्या शाळेत सरकारी योजनेतून एक कॉम्प्युटर आला होता. विज्ञान शिकवायचो म्हणून तो माझ्या ताब्यात. त्याच्यासाठी एक खोली रिकामी केली, काळे पडदे लावले, जाजम घातलं आणि दारावर पाटी ठोकली: 'चपला बाहेर काढाव्यात. हात लावू नये.' मुख्याध्यापिका पुष्पाबाईसुद्धा पायातलं काढून आत येत. शिपाई शकूरला तर मी चौकटही ओलांडू देत नसे. "नजरेनं पाहायचं, शकूर. हात नाही लावायचा." तो मान डोलवायचा आणि बाहेरूनच पाहायचा.

शकूरकडे सायकल स्टँडही होता. त्याला अक्षरं येत नव्हती, आकडे येत होते. नंबर कोरलेला पितळी बिल्ला मुलाच्या हातात ठेवायचा, सायकल लावायची, संध्याकाळी ज्याची त्याला द्यायची. कधी अदलाबदल झाली नाही. आठवड्यापूर्वी शाळेत बाजाराच्या दिवशी रक्तगट तपासणीचं शिबिर झालं, तेव्हा रांगेला नंबर हवे म्हणून तेच बिल्ले वाटले. दोनशे चौदा माणसं आली. शिबिरानंतर एक बिल्ला कमी भरला. मी शकूरला सगळ्या स्टाफसमोर झापलं, "एवढं साधं काम जमत नाही?"

त्या दोनशे चौदा माणसांची नावं आणि रक्तगट कॉम्प्युटरमध्ये भरायचे, ही कल्पना माझी. अकरावीच्या मुलींनी त्या दिवशी सकाळपासून बसून बिल्ल्याच्या क्रमानं यादी भरली. दुपारी मी ऐटीत कागदांचा गठ्ठा शकूरला दिला आणि मैदानात जाळायला लावला. "आता कागदाचं काय काम?" असंही वर म्हणालो. यादी कॅसेटवर उतरवली की ती कायमची राहते. पण टेपरेकॉर्डर गॅदरिंगच्या तालमीला गेला होता. तीनच्या आत येईल, असा निरोप होता. रोज तीनला लाईट जायची ती सहाला यायची. तोवर ती सगळी माणसं फक्त चालू मशीनच्या पोटात होती. वीज गेली की गेली.

पावणेतीनला पुष्पाबाई धावतच आल्या. चपला घालूनच आत आल्या, आणि मी ओरडायला तोंड उघडलं तेवढ्यात म्हणाल्या, "महादेवराव, बुलढाण्याहून दवाखान्याचा फोन हाये. शकूरची ताहेरा. पोरगं झालं, पण रक्त थांबून नाही राह्यलं. ओ निगेटिव्ह पाह्यजे, तिथं एक बाटली नाही. तुमच्या मशीनमधी असंन तं सांगा लवकर!"

शकूर त्यांच्या मागे आला होता. त्याची बायको शाहजादी लेकीपाशी दवाखान्यात होती. बाळंतपणात पुरुषाचं काय काम म्हणून हा शाळेत. त्याचा स्वतःचा रक्तगट बी पॉझिटिव्ह, म्हणजे उपयोगाचा नाही. तो दाराशी थांबला.

"काढतो," मी म्हणालो. "याच्यासाठीच तर केलंय."

मी प्रोग्रॅम चालवला, 'O-' टाईप केलं. पडद्यावर 'शोध चालू' अशा अर्थाची ओळ आली आणि तशीच राहिली. अर्धं मिनिट गेलं. एक मिनिट गेलं. ती ओळ हलेना. प्रोग्रॅम मीच लिहिलेला होता: माणूस सापडेपर्यंत शोधत राहा. सापडला नाही तर काय करायचं, हे त्याला मी सांगितलंच नव्हतं. तो गोल गोल फिरत बसला होता.

"सापडलं का, सर?" दारातून शकूर.

"बोलू नकोस!" मी खेकसलो. सवयच ती.

चालता प्रोग्रॅम एक बटण दाबून थांबवता येतो. थांबला तरी त्याच्या पोटातली नावं जागच्या जागी जिवंत असतात, आणि मग त्याला एकेक प्रश्न विचारता येतो: अमक्या नंबरवर काय आहे, दाखव. तो दाखवतो. पण चूक सापडली म्हणून प्रोग्रॅमची एक ओळ जरी बदलली, तरी सगळी यादी पुसली जाते. बघायला मोकळीक, हात लावायला नाही. दुसऱ्यांना दटावायचं माझं वाक्य माझ्याच डोक्यावर येऊन बसलं होतं.

थांबवायच्या बटणापाशी बोट नेलं. चुकून शेजारचं बटण दाबलं गेलं तर? मी उजव्या हाताचं मनगट डाव्या हातानं धरलं आणि दाबलं. प्रोग्रॅम थांबला.

माणसं किती, असं विचारलं. उत्तर आलं: २१४. जीव भांड्यात पडला. आहेत, अजून आहेत.

पहिल्याचा गट? B+. दुसऱ्याचा? O+. तिसऱ्याचा? A+. मग विचारलं, ओ पॉझिटिव्ह एकूण किती? मशीन म्हणालं, एकही नाही.

वरच्या ओळीत O+ डोळ्यांना दिसतोय आणि मशीन म्हणतंय, नाही. ते बिघडलं, की मी? पुष्पाबाई म्हणाल्या, "आठ मिन्टं राह्यली." शिबिर घेणाऱ्या अकोल्याच्या पथकाकडे यादीची एक प्रत होती, पण ट्रंक कॉल संध्याकाळशिवाय लागणार नव्हता. बाईंनी ते आधीच करून पाहिलं होतं.

मशीनच्या पोटात प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो. दुसऱ्या माणसाच्या गटातल्या त्या गोल अक्षराचा क्रमांक मी विचारला. ओ असता तर एकोणऐंशी यायला हवा होता. आला अठ्ठेचाळीस. अठ्ठेचाळीस म्हणजे शून्य.

मुलींनी 'ओ'च्या जागी शून्य टाकलं होतं. एकीनं नाही, सगळ्यांनी. का, ते मला लगेच कळलं. पंधरा दिवसांपूर्वी रुख्मिणी नावाच्या मुलीनं शून्याच्या जागी ओ टाकला, तेव्हा मी तिची वही बाहेर भिरकावली होती आणि वर्गाकडून दहादा म्हणवून घेतलं होतं: गोल म्हणजे शून्य. पोरी माझ्या धाकानं ते विसरल्या नव्हत्या. त्या धाकापायी आज ताहेराचा जीव टांगणीला लागला होता. मला माझीच किळस आली.

चार मिनिटं. प्रोग्रॅमला हात न लावता मी बाहेरूनच प्रश्न लिहिला: ज्यांच्या गटात शून्य आणि वजा आहे, त्यांचे नंबर दाखव. लिहिताना दोनदा चुकलो, दोनदा खोडलं.

पडद्यावर आकडा आला. ६१. खाली दुसरा नाही. दोनशे चौदांत एकच.

"एकसष्ट! आहे!" मी ओरडलो आणि नाव विचारायला लागलो. अर्धी ओळ टाईप झाली असेल. पंखा मंदावला. पडदा आक्रसून एक पांढरा ठिपका झाला, आणि तोही विझला.

तीनला अजून दोन मिनिटं होती.

काळ्या पडद्यांमुळे खोलीत अंधार झाला. पुष्पाबाईंच्या तोंडून "अगं माय" एवढंच निघालं. मी बटणं दाबत राहिलो, वेड्यासारखा, सगळीच. मग हात थांबले. मी पोरगी मारली, असं मला वाटलं, आणि ते मी मोठ्यानं बोललोही. शकूरकडे बघायची हिंमत होईना.

"सर," दारातून आवाज आला. "नंबर काय म्हनला तुम्ही?"

"एकसष्ट. पण नाव गेलं रे. नाव गेलं."

"एकसष्ट नंबर तं वापस आलाच नाही. तोच बिल्ला कमी भरला होता." तो भराभर बोलायला लागला. "देऊळघाटचे किसनराव. बाजारात कापूस घेऊन आलते. मी गेलतो त्याह्यच्या घरी बिल्ला मांगाले. नातीनं बकरीच्या गळ्यात बांधेल होता. काढाले गेलो तं पोरगी रडाले लागली, म्हून तसाच वापस आलो."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही रागावता, सर."

पुष्पाबाई फोनकडे पळाल्या. देऊळघाट बुलढाण्याला लागूनच. दवाखान्याची जीप तिथं पोचायला कितीसा वेळ. शकूर उभ्या उभ्या वळला आणि एसटी स्टँडकडे धावत सुटला.

मी तिथंच बसून राहिलो. टेपरेकॉर्डर घेऊन रुख्मिणी आली, माझ्याकडे बघून दाराशीच घाबरून थांबली. "ये, बस," मी म्हणालो, तर ती आणखीच घाबरली.

पाचला फोन आला. किसनराव शेतातून होता तसा, पायाच्या चिखलासकट जीपमध्ये बसला होता. रक्त चढत होतं. डॉक्टर म्हणत होते, धोका टळला म्हणायला हरकत नाही. पुष्पाबाई खुर्चीत बसून रडल्या. मीही रडलो.

खोलीला कुलूप लावायला गेलो, तेव्हा चौकटीबाहेर शकूरच्या चपला दिसल्या. त्याला आत येऊ दिलंच नव्हतं, तरी त्यानं त्या काढून ठेवल्या होत्या, आणि तसाच अनवाणी बुलढाण्याला गेला होता.

मी त्या चपला हातात घेतल्या आणि सहाच्या गाडीत बसलो.