कोसमटोल्याचा नकार

कोसमटोला या गावाचा नकार आला तेव्हा आयुषला फारसं वाईट वाटलं नाही. अमेरिकेच्या पहिल्या तेरा राज्यांमधलं एखादं छोटं राज्य अडून बसणारच, हे त्याने त्याच आठवड्यात बी.ए.च्या वर्गात शिकवलं होतं.

भद्रावतीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीच्या कॉलनीत वाढलेला हा मुलगा धानोऱ्याकडच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर राज्यशास्त्र शिकवत होता आणि उरलेल्या वेळात नऊ गावांच्या वनसंघाचं सचिवपद सांभाळत होता. त्याच्या घरी बैठकीच्या भिंतीवर संविधानाची उद्देशिका होती. इतर मुलं पाढे पाठ करतात त्या वयात त्याने ती पाठ केली होती. चारचौघांत बोलायला तो लाजायचा. पण नीट विचार करून लिहिलेला नियम माणसाला माणसापासून वाचवतो, यावर त्याचा मुका, अढळ विश्वास होता.

वनसंघ उभा केला होता तो चैतूभाऊंनी. कोसमटोल्याचा हा म्हातारा नऊही गावं पायी फिरला, प्रत्येक गावाशी बोलला, तेव्हा कुठे एक करार झाला. जंगल सगळ्यांचं, प्रत्येक गाव आपापल्या जागी मालक, वणव्याच्या दिवसांत राखणीला माणसं द्यायची ती गावाला जमेल तशी, आणि करारात काही बदलायचं तर नऊही गावांनी हो म्हणायला हवं. आयुष सचिव झाला तेव्हा चैतूभाऊंनीच त्याला आपल्या घरात ठेवून घेतलं होतं. त्यांची बायको बुधरीबाई त्याला वाढताना कधी विचारत नसे. ताटात पडेल ते खायचं, हा तिथला कायदा.

करार चांगल्या मनाने केलेला होता आणि म्हणूनच दुबळा होता. ‘जमेल तशी’ या दोन शब्दांतून सगळं गळून जायचं. राखणीला येणार नाही असं कोणीच म्हणत नसे. फक्त कोणी येत नसे. गेल्या चैत्रात कोसमटोल्याच्या डोंगराला वणवा लागला तेव्हा चैतूभाऊंनी आठही गावांना निरोप धाडले. शेजारच्या दोन गावांतली माणसं धावून आली. एका गावात लग्न होतं, एक गाव तेंदूपानात गुंतलं होतं, आणि उरलेली गावं दुसरं कोणी तरी गेलं असेल म्हणून घरी राहिली. आयुष पोचला तेव्हा चैतूभाऊ पळसाचा हिरवा डहाळा घेऊन आगीसमोर उभे होते आणि डहाळाही करपला होता. मोहाची झाडं गेली, टेंभुर्णीची गेली. म्हातारा रडला नाही. पाखरं आता कुठी जातील, एवढंच त्याने विचारलं, आणि तो प्रश्न आयुषच्या काळजात काट्यासारखा राहिला.

त्या पावसाळ्यात त्याने नवी घटना लिहिली. वर्गात शिकवायचा तीच गोष्ट त्याच्या डोळ्यांपुढे होती. इंग्रजांपासून नुकत्याच सुटलेल्या तेरा अमेरिकन राज्यांचा पहिला करार असाच होता. मध्यवर्ती सभेने मागायचं आणि राज्यांनी वाटलं तर द्यायचं. बदल करायचा तर तेराही राज्यांचा होकार हवा, आणि तो कधी मिळायचा नाही. शेवटी त्यांच्या प्रतिनिधींनी एका उन्हाळ्यात दारं-खिडक्या लावून घेऊन नवी घटनाच लिहिली आणि तेरांतल्या नऊ राज्यांनी मानली की ती लागू, असं ठरवून टाकलं. आयुषने नऊ गावांतल्या सातांवर रेघ ओढली. सात गावं हो म्हणाली की नवी घटना लागू; मग राखणीची पाळी चुकवता येणार नाही, आणि सभा दर वेळी सडकेवरच्या मोठ्या गावात, समाजभवनात होईल.

त्याच समाजभवनात ती मांडली गेली. त्या गावच्या रुखमाताई अध्यक्ष होत्या. त्यांनी एकेका गावाला विचारलं. आठ गावं हो म्हणाली. चैतूभाऊ उठले, कोसमटोला नाई म्हणते एवढं शांतपणे सांगितलं, दुपट्टा खांद्यावर टाकला आणि चालू लागले. आयुषला वाटलं, म्हातारा रागावून सभा सोडून गेला. मागच्या रांगेतला एक म्हातारा पुटपुटला, की मग पुढच्या रविवारी कोसमटोल्यात बसावं लागन. आयुषने नम्रपणे सांगितलं की आता त्याची गरज उरली नाही, सातांचा नियम पुरा झाला आहे. कोसमटोला आडबाजूला, वाट चढाची, धान कापणीला आलेलं. म्हाताऱ्याने दोनचार चेहऱ्यांकडे पाहिलं. ते चेहरे सुटल्यासारखे झाले होते. तो गप्प बसला, आणि घटना लागू झाली.

पुढचा रविवार आयुषला मोकळाच होता. घटनेचा कागद बरोबर घेऊन चैतूभाऊंची समजूत काढायला तो एकटाच निघाला. वाटभर मनात वाक्यं जुळवत होता.

अंगण शेणाने सारवलेलं होतं. मोहाच्या झाडाखाली दूरवर चटया अंथरल्या होत्या, तीन चुलींवर भाताडाळीची मोठी गंजं होती, पळसाच्या पत्रावळींची थप्पी दगडाखाली दाबून ठेवली होती. टोल्यातल्या बाया वाफेतून वर बघत होत्या. कोणाचं लग्न आहे हे आपल्याला कसं कळलं नाही, असं त्याला वाटलं.

बुधरीबाई पदराला हात पुसत पुढे आली आणि त्याच्या पाठीमागच्या वाटेकडे पाहू लागली.

“बाकीचे मांगून येऊन राह्यले का?”

त्याला समजेना. मग तिने सांगितलं, लहान पोराला सांगावं तसं. करार झाला त्या वर्षापासूनची रीत होती. ज्या गावाने नाई म्हटलं, पुढची सभा त्या गावात. नाई म्हणणाऱ्याने लगेच उठून घरी जायचं, कारण त्याला सगळ्यांच्या जेवणाची तयारी करायची असते. बाकीच्यांनी यायचं, त्याच्या अंगणात बसायचं, त्याचं जेवायचं, आणि त्याला काय दिसतं ते त्याच्या जागेवरून बघायचं. ही रीत कागदावर कोणी घातली नव्हती, कारण ती विसरता येईल असं कोणाला वाटलंच नव्हतं. आणि आयुषच्या दोन वर्षांत कोणी नाई म्हटलंच नव्हतं.

 कोणी येणार नाही, हे त्याला सांगावं लागलं. ते त्याने खाली पाहत सांगितलं. एका बाईने चुलीतली लाकडं बाहेर ओढली.

चैतूभाऊ झाडाखाली बसले होते. तिथून जळालेला डोंगर समोर दिसत होता, पावसानंतरही काळा.

“मी तुयाच बाजूनं होतो रे,” ते म्हणाले. “तुयी घटना बराबर हाय. जबरदस्ती लागतेच, नाई त कोणी येत नाई. पण जे तवा आले नाई, त्यायनं येक डाव इथी बसून हे पाहावं, येवढंच होतं. जेवून उठताना मी हो म्हणणार होतो.”

आयुषने विचारलं, सभेतच हे का सांगितलं नाही.

“सांगतलं ना. नाई म्हणलं.”

 मग म्हाताऱ्याने विचारलं, आयुष नेहमी सांगायचा त्या तेरा राज्यांत कोणी मागे राहिलं होतं का. आयुषने खरं ते सांगितलं. शेवटपर्यंत एक होतं, सगळ्यांत चिमुकलं. घटना लिहायला त्याने माणूससुद्धा पाठवला नव्हता. बाकीची म्हणाली, मग तुम्हाला आम्ही परकं समजू, तुमचा माल अडवू. तेव्हा ते आलं, अवघ्या दोन मतांनी.

“म्हणजे आलं नाई ते,” चैतूभाऊ म्हणाले. “आणलं त्याले.” आणि हात पुढे करून त्यांनी कागद मागितला.

आयुष म्हणाला, आज नको. सगळ्यांना पुढच्या रविवारी मी इथे घेऊन येतो, घरोघर जाऊन आणतो. म्हाताऱ्याने मान हलवली. बोलावून आणलेल्या माणसाला डोंगर दिसत नाही, असं काहीसं तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि राग नव्हता हेच आयुषला सहन होईना. कोसमटोल्याच्या नावापुढे चैतूभाऊंनी सावकाश सही केली. नऊही गावं पूर्ण झाली. येत्या चैत्रात आग लागली तर पाळीची माणसं या डोंगरावर धावत येणार होती, हे नक्की होतं.

निघायला तो उठला तेव्हा बुधरीबाईने त्याला खाली बसवलं. रांधलेलं टाकून कसं देणार. तिने थप्पीवरची पहिली पत्रावळ त्याच्यासमोर मांडली, भात वाढला, वरून डाळ ओतली आणि थांबून विचारलं, “आणखी वाढू का?”

तिने असं आधी कधी विचारलं नव्हतं. त्या लांबच लांब चटईच्या टोकाशी तो एकटाच जेवत राहिला.