मानेवरच्या सहा बटा

लेकीनं कंगव्याच्या दांडीनं आईच्या डोक्यावर मधोमध भांग पाडला, केसांचे चार भाग केले आणि एकेक भाग चिमट्यात अडकवला. आईनं आरशात पाहिलं. गळ्यापासून गुडघ्यापर्यंत काळा एप्रन आणि वर चार शिंगं.

"हलू नकोस."

"हलत नाहीये. श्वास घेतेय."

"मग तोही जरा बेतानं घे."

खोलीत बारा खुर्च्या होत्या, बारा आरसे आणि एकच घड्याळ. केस उजळवण्याची ही शेवटची परीक्षा. ती पास झाली तर बाजारातल्या मोठ्या सलूनमध्ये लेकीची नोकरी पक्की होती. बाकीच्या मुलींनी मॉडेल म्हणून मैत्रिणी आणल्या होत्या. लेकीनं आईलाच आणलं होतं.

गेले तीन आठवडे घरात दुसरा विषय नव्हता. पूर्ण डोकं ब्लीच केलं तर बघणाऱ्याचे डोळे दिपतात, पण केसांचं गवत होतं. बारीक बटा फॉइलमध्ये गुंडाळून उजळवल्या तर काम नेटकं दिसतं, पण महिन्याभरात मुळाशी रेघ उमटते. तिसरी पद्धत बलायाज. त्यात ब्रशनं हातानंच रंग ओढायचा, वर हलका आणि टोकाकडे दाट, म्हणजे केस वाढले तरी रेघ दिसत नाही.

"ज्याला जास्त मार्क, ते कर," आई म्हणाली होती.

"मार्कांचं काय, ते कागदावर राहतील. डोकं तुला मिरवायचंय." मग लेकीनं विचार करून सांगितलं होतं, "बलायाज. तू पहाटे बस काढतेस. दर महिन्याला रेघ झाकायला तुला वेळ कुठला?"

आई शाळेची बस चालवायची. लेकीनं आपल्या कामाच्या वेळांचाही हिशेब धरलाय हे ऐकून तिनं हातातली पोळी मोडलीच नाही, नुसती धरून बसली होती.

आता मात्र तिचं लक्ष समोरच्या फॉर्मवर होतं. 'गेल्या दोन वर्षांत केसांना रंग लावला आहे का?' त्यापुढे तिनं स्वतःच्या हातानं ठसठशीत 'नाही' लिहिलं होतं. खाली सही.

लेकीनं कात्री घेतली. कानामागचे चार केस कापून एका काचेच्या वाटीत टाकले आणि भांगाजवळचे चार दुसऱ्या वाटीत. दोन्हींवर ब्लीच ओतलं. केसांत आधीचा रंग असला तर तो इथंच कळतो.

"घरी एकदा घेतलीस ना ही चाचणी?" आईनं विचारलं.

"घरी मानेवरच्या केसांची घेतली. इथं दोन जागांची घ्यावी लागते."

आईनं एप्रनखाली हात घट्ट धरले.

पहिल्या वाटीत काही झालं नाही. दुसरीत आधी बुडबुडे आले, मग फेस वाटीच्या काठापर्यंत चढला. गंजलेल्या पत्र्यासारखा वास सुटला. लेकीनं वाटीला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. वाटी चहाच्या कपासारखी तापली होती.

"आई," ती खाली वाकून हळूच म्हणाली, "तू काय लावतेस केसांना?"

तेवढ्यात परीक्षक बाई चष्मा नाकावर सरकवत येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी वाटीत पाहिलं, फॉर्म पाहिला.

"हे काय?"

लेक सरळ उभी राहिली. "माझी चूक, मॅडम. घरी मी फक्त मानेवरची बट तपासली. पुढची तपासायला हवी होती."

ती आणखी काही बोलेल म्हणून आईनं वाट पाहिली. पण लेकीनं सगळा दोष आपल्या पदरात घेतला आणि वर मान ताठ. मग आईनं एप्रनखालून हात काढला आणि वर्गातल्या मुलीसारखा वर केला.

"तिची चूक नाही. मी केस काळे करायची पुडी लावते. परवाच लावली. तिला माहीत नव्हतं, मी फॉर्मवर खोटं लिहिलं."

बसमधल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज तिचा. तो बाराही आरशांपर्यंत पोचला. सगळ्या माना वळल्या.

परीक्षक बाईंचा चेहरा बदलला नाही. "मॉडेल आता बदलता येणार नाही," त्या लेकीला म्हणाल्या. "आणि उजळवलं नाही तर गुण शून्य. काय करायचं ते तू ठरव."

त्या पुढे गेल्यावर शेजारच्या खुर्चीमागची मुलगी कुजबुजली, "टोकांना लाव आणि पाच मिनिटांत धुऊन टाक. कोण बघतंय?"

"लाव गं," आईही म्हणाली. "चार केस जळले तर जळले. टोपी घालून बस चालवीन."

"नाही."

एवढंच. रस्त्याच्या मधेच उतरवा म्हणून एखादं पोर हट्ट धरतं, तेव्हा आई असंच 'नाही' म्हणायची. हा सूर पोरीनं कधी उचलला कोण जाणे.

लेकीनं सगळे चिमटे काढले आणि केसांचा थर न् थर उचलून पाहिला. मग परीक्षक बाईंकडे गेली.

"मॅडम, बलायाज करत नाही. उघड्यावर रंग ओढला तर शेजारच्या केसांना लागेल. फॉइल लावते. फक्त मानेवर आणि कानामागे, जिथं पुडी पोचलेली नाही. प्रत्येक बट आधी तपासून."

"वेळ वाढवून मिळणार नाही."

"चालेल."

सहा बटा निघाल्या. एकेकीचे दोन केस वाटीत, वाटीवर हात, मग पुढची. शेजारी सोनेरी डोकी तयार होत होती, ड्रायर घोंघावत होते. मागे वाकलेल्या लेकीचा श्वास आईच्या मानेला लागत होता. बोटं मात्र जराही थरथरत नव्हती. लहानपणी हिची वेणी घालताना आपण किती ओढायचो, आईला वाटलं. हिच्या हातांनी एक केसही ओढला गेला नाही.

केस धुऊन, वाळवून सोडले तेव्हा समोरून काहीच दिसत नव्हतं. परीक्षक बाईंनी मागचे केस उचलले. खाली मधाच्या रंगाच्या सहा बटा, मुळापासून टोकापर्यंत एकसारख्या. त्यांनी एक बट बोटांत धरून ताणली, सोडली, पुन्हा ताणली. बराच वेळ लिहिलं.

"पुढच्या वेळी चारही भाग तपासायचे."

"हो, मॅडम."

बाहेर पायऱ्यांवर दोघी बसल्या. लेक पाणी प्यायली, बाटली आईकडे दिली.

"रागव तरी," आई म्हणाली.

"किती वर्षं लावतेस?"

"सहा."

"सहा! आणि मी जगाला सांगत फिरतेय, आमच्या आईचे केस बघा, पन्नाशी उलटली तरी काळेभोर, कधी काही लावलं नाही!"

"तू एवढ्या कौतुकानं सांगायचीस, मग मला थांबताच येईना."

लेक तिच्याकडे बघत राहिली आणि एकदम हसत सुटली. इतकी, की पाणी नाकात गेलं. आईनं तिची पाठ थोपटली.

"आता थांब," लेक डोळे पुसत म्हणाली. "रंगाचा भाग मी थोडा थोडा कापत जाईन. दोन वर्षं लागतील."

निकाल लागला. 'दृश्य परिणाम' या रकान्यात वर्गातले सगळ्यात कमी गुण होते. 'निर्णय' या रकान्यात पैकीच्या पैकी. मोठ्या सलूनच्या मालकीणबाईंनी गुणपत्रिका दोनदा वाचली आणि सोमवारपासून यायला सांगितलं.

तीन महिन्यांनी एका सकाळी बसच्या आगारात किल्ल्या देणाऱ्या बाईंनी खिडकीतून आईकडे निरखून पाहिलं. भांगाच्या दोन्ही बाजूंना दोन बोटं पांढरे केस आले होते.

"मावशी, तब्येत बरी आहे ना? डोकं किती पांढरं झालं!"

"लेकीच्या हातचं काम आहे ते."

"म्हणजे, मुद्दाम केलंय?"

"मुद्दाम. घाईचं काम नाही. दोन वर्षं चालतं."

किल्लीवाल्या बाईंनी आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. त्यांचे स्वतःचे केस कोळशासारखे काळे होते. "माझं करेल ती?"

आई बसमध्ये चढली, किल्ली लावली, काच खाली केली.

"विचारून बघते," ती म्हणाली. "पण तुम्ही काय लावता ते तिला खरं सांगायचं. आणि वाट बघायला लागेल हं, तिच्याकडे गर्दी असते."