साप्पोरोतला मुलगा

नोरियाकी मोचिझुकीची साप्पोरोला बदली होऊन तीन वर्षं झाली होती आणि या तीन वर्षांत त्यानं साप्पोरो एकदाही पाहिलं नव्हतं. तो शिझुओकातच होता. आबे नदीच्या अलीकडे आईचं घर, पलीकडे त्याची भाड्याची खोली, मध्ये एक पूल. चालत गेलं तर पस्तीस मिनिटं. साप्पोरो तिथून हजारभर किलोमीटर वर, बर्फात.

खोटं बोलायचा त्याचा इरादा नव्हता. त्याला फक्त एका रविवारी झोपायचं होतं.

वडील गेल्यापासून दर महिन्याच्या तिसऱ्या रविवारी त्याची आई मित्सुयो त्याला दिवसभराच्या सहलीला न्यायची. कधी मिहोच्या पाइनच्या बनात, कधी मोचिमुने बंदरावर, काहीच सुचलं नाही तर बसच्या शेवटच्या थांब्यापर्यंत. डब्यात भाताचे गोळे, भाजलेल्या माशाचा तुकडा, अंड्याची गोडसर वडी आणि मुळ्याचं लोणचं. थर्मासात मिसोचं, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं, गरम सार, आणि ते प्यायला घरून आणलेले झाकणाचे दोन लाकडी वाडगे, कारण कागदी पेल्यातून सार प्यायलं की औषध प्यायल्यासारखं वाटतं, असं तिचं मत. डबा उघडला की ती आधी झाकणाला चिकटलेली शितं काड्यांनी एकेक करून खायची. याला सात मिनिटं लागत. तोवर कोणी डब्याला हात लावायचा नाही. मग ती मुलाला काड्या कशा धरायच्या ते शिकवायची. मुलगा छत्तीस वर्षांचा होता.

ती त्याला नोरी म्हणायची. भाताच्या गोळ्याला गुंडाळतात त्या काळ्या शेवाळालाही नोरीच म्हणतात, आणि हा विनोद तिला छत्तीस वर्षं पुरला होता. "नोरीनं भाताला चिकटून राहावं," ती म्हणायची, "एकट्या नोरीला कोण विचारतंय?"

तर त्या रविवारी नोरियाकीला झोपायचं होतं. तो खेळण्यातल्या विमानांच्या जोडणीच्या सूचना लिहायचा. 'भाग चौदा भाग पंधराला चिकटवा. वाळू द्या.' त्यामुळे त्यानं विचारही पायरीपायरीनं केला. ताप आलाय म्हणावं तर ती पेज घेऊन येईल. ऑफिसात काम आहे म्हणावं तर डबा घेऊन ऑफिसात येईल, आणि साहेबालाही काड्या धरायला शिकवेल. ती जिथं येऊच शकणार नाही असं ठिकाण पाहिजे. तो फोनवर म्हणाला, "आई, माझी बदली झालीय. साप्पोरोला."

मग आई म्हणाली, "लोकरीचे मोजे आहेत का?"

"आहेत."

"मग जा."

एकदा बदली झाल्यावर ती निभवावी लागते. दर रविवारी संध्याकाळी सातला तो तिला फोन करायचा. शिझुओकात असताना त्यानं इतके फोन कधी केले नव्हते, पण साप्पोरोतल्या माणसाला घरची आठवण येतच असणार. तो फ्रिज उघडून त्याच्यासमोर उभा राहून बोलायचा, म्हणजे आवाजात आपोआप थंडी यायची. मोबाइलवर साप्पोरोचं हवामान उघडलेलं असायचं. आई बोलायची, तो हवामान वाचायचा, आणि ती थांबली की म्हणायचा, "छान छान. इथं बर्फ पडतोय."

जूनमध्ये एकदा त्याच्याकडून चुकीचं पान उघडलं गेलं. आई बराच वेळ काहीतरी सांगत होती. ती थांबली तसं तो म्हणाला, "चालेल ना. इथं बर्फ पडतोय."

"जूनमध्ये?"

"इथलं काही सांगता येत नाही."

"असं होय," आई म्हणाली, आणि तिनं फोन ठेवला.

आईला तिकडच्या वस्तू पाठवणं तर फारच सोपं होतं. स्टेशनजवळच्या मोठ्या दुकानात आठव्या मजल्यावर दर शरदात होक्काइदोचा, म्हणजे साप्पोरो ज्या बेटावर आहे त्याचा, मेळा भरायचा. तिकडचे बटाटे, तिकडची सामन मासळी, लोण्याची बिस्किटं. नोरियाकी मास्क लावून जायचा. या देशात मास्क लावला की माणूस अदृश्य होतो, अशी त्याची समजूत होती. जे घेतलं ते घरी नव्यानं बांधायचं, वर एक चिठ्ठी: 'इकडची बिस्किटं. जपून राहा.'

अशी तीन वर्षं गेली. आणि ऑक्टोबरच्या एका रविवारी तो मास्क लावून सायकलवरून मारिको गावाकडं निघाला असताना जुन्या रस्त्यावरच्या बसथांब्याच्या बाकावर त्याला आई दिसली.

तो झटकन सायकलसकट शीतपेयांच्या यंत्रामागं गेला. त्याचं कोपर बटणाला लागलं. "आपलं स्वागत आहे!" यंत्र मोठ्यानं म्हणालं. आईनं मान वर केली नाही.

तिनं दोन डबे काढले. एक आपल्यापुढं ठेवला, दुसरा बाकाच्या रिकाम्या बाजूला, त्यापुढं काड्या आडव्या. दोन्ही वाडग्यांत सार ओतलं आणि झाकणं घातली. मग थोड्या वेळानं रिकाम्या बाजूच्या वाडग्याचं झाकण उचलून तिनं उलटं केलं, आतून निरखून पाहिलं आणि समाधानानं मान हलवली.

नोरियाकीला आठवलं. आजोबा ट्यूनाच्या बोटीवर सहासहा महिने जात, तेव्हा आजी रोज त्यांच्या नावानं ताट मांडायची. साराच्या झाकणाला आतून थेंब धरले असले की समुद्रावरचा माणूस खुशाल आहे. आजोबा त्या वेळी प्रशांत महासागराच्या मधोमध असायचे. नोरियाकी अकरा पावलांवर होता.

आईनं आधी झाकणाची शितं खाल्ली. दोन्ही झाकणांची. त्या दिवशी चौदा मिनिटं लागली. त्यानं ती मोजली, कारण यंत्रामागून निघायला दुसरी वाट नव्हती.

त्या रात्री त्यानं साप्पोरोहून परत यायचं ठरवलं. आईला सगळं सांगायचं, आणि पुन्हा दर तिसऱ्या रविवारी तिच्याबरोबर जायचं. त्यानं कागदावर सूचना लिहिल्या. 'एक: घरात शिरा. दोन: माफी मागा. तीन: रडू द्या.' कोणाला, ते लिहायचं राहिलं.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी तो चाकांची मोठी बॅग घेऊन आईच्या दारात उभा राहिला. बॅग रिकामी होती.

"आलास?" आई म्हणाली. "बरं झालं. चल, मारिकोला जाऊ, तिथल्या रानकंदाचं सार खाऊ. बॅग ठेव तिथं. हलकीच आहे ना?"

बोळात पुठ्ठ्याची सहा-सात खोकी रचलेली होती. वर्षअखेरची साफसफाई यंदा लवकर काढली असेल, असं त्याला वाटलं. आई गुडघ्यावर हात ठेवून बसमध्ये चढली. तिचा गुडघा कधीपासून दुखतो, हे त्याला माहीत नव्हतं.

मारिकोचं ते दुकान गवती छपराचं आहे. तिथं एकच गोष्ट मिळते: किसलेल्या रानकंदाचं बुळबुळीत सार, ते सातूमिश्रित भातावर ओतायचं. सोबत मिसोचं सार आणि लोणचं. आईनं तीन ताटं सांगितली.

"आजी, अजून कोणी यायचंय?" वाढणारीनं विचारलं.

"माझा मुलगा. साप्पोरोला असतो तो."

वाढणारीनं नोरियाकीकडं पाहिलं. "आणि हे?"

"हा जवळच राहतो," आई म्हणाली.

वाढणारी गेल्यावर नोरियाकीनं गुडघे जुळवून मान खाली घातली. कागदावरच्या सूचना चुरगळल्या होत्या. "आई, मी साप्पोरोला कधी गेलोच नव्हतो."

"ठाऊक आहे."

"ठाऊक आहे?"

"आठव्या मजल्यावर, खेकड्याच्या डब्याच्या रांगेत माझ्यापुढं चौथा होतास. पहिल्याच वर्षी. मास्क लावून. उजवा पाय डाव्यावर ठेवून उभा होतास. अशी उभी राहणारी माणसं जगात दोनच, एक बगळा आणि एक तू."

"तू तिथं कशाला गेलीस?"

"मुलगा होक्काइदोत आहे. तो तिकडं काय खातो ते मलाही खावंसं वाटलं." तिनं रिकाम्या जागेपुढच्या काड्या सरळ केल्या. "मग मी रांग सोडली. म्हटलं, मागं वळलास तर ओशाळशील."

"मग बोलली का नाहीस? तीन वर्षं!"

"बदली तीन वर्षांचीच असते ना. संपली की येशील, म्हटलं. थांबले." तिनं तिसऱ्या वाडग्याचं झाकण उचलून पाहिलं. "हा ठीक आहे."

"आई, तो मीच आहे."

"असशील. पण तो दर रविवारी सातला फोन करतो. तू इथं असताना वर्षात किती केलेस? दोन. त्यातला एक चुकून लागला होता. त्याला मी गुडघ्याचं सांगितलं, तुझ्या बाबांबद्दल सांगितलं. तुझ्यापुढं आपलं काड्या नीट धर, काड्या नीट धर. दुरून डोंगर साजरे म्हणतात ते खोटं नाही. फुजीसुद्धा इथूनच देखणा. वर जाऊन बघावं तर नुसते दगड."

"मी आता येत जाईन. दर तिसऱ्या रविवारी. डबाही मी करीन."

आईनं त्याच्याकडं पाहिलं. आता ती हसेल असं त्याला वाटलं.

"नोरी, तुझ्या मावशीकडं जायचं माझं येत्या शुक्रवारी ठरलंय. कागोशिमाला, पार दक्षिणेला. कायमचंच. घर मालकाला परत दिलंय. खोकी पाहिली नाहीस?"

"कधी ठरलं हे? मला सांगितलं नाहीस!"

"सांगितलं की. जूनमध्ये. म्हटलं, ओत्सुनेचा दादला गेला, ती एकटी आहे. मीही एकटीच, मुलगा साप्पोरोला. जाऊ का तिच्याकडं? तू म्हणालास, चालेल ना, इथं बर्फ पडतोय."

सार भातावर ओतलं की गरम असतानाच खावं लागतं. नोरियाकीनं ते गार होऊ दिलं. "मी ऐकतच नव्हतो गं," तो म्हणाला.

"ते मला कळलं. पण म्हटलं, एकदा तरी 'नको जाऊ' म्हणेल. पुढचे चार रविवार तेच विचारलं मी, जरा फिरवून. चारही वेळा हवामान."

"आत्ता म्हणतो. नको जाऊ."

"आता ओत्सुनेनं माझ्यासाठी अंथरूण शिवून ठेवलंय," आई म्हणाली. "शिवलेलं अंथरूण उसवायचं नसतं. खा. आणि काडी अशी धरतात? मधलं बोट कुठं गेलं?"

त्यानं मधलं बोट जागेवर आणलं.

शुक्रवारी त्यानं तिला गाडीत बसवून दिलं. वाटेत खायला तिनं दोन डबे घेतले होते. दुसरा कोणासाठी, ते त्यानं विचारलं नाही. गाडी हलताना ती काचेआडून काहीतरी बोलली. ओठांवरून त्याला वाटलं, 'मोजे आहेत का?' त्यानं जोरजोरात मान हलवली.

आता रविवारी सातला आईच फोन करते. नोरियाकी फ्रिज बंद ठेवतो, बसतो आणि सगळं ऐकतो. ओत्सुनेमावशी फार घोरते. गुडघ्याला तिकडची हवा मानवते. एका रविवारी तो म्हणाला, "तिसऱ्या रविवारी मी तिकडं येऊ का?"

"चालेल ना," आई म्हणाली. "इथं राख पडतेय."

कागोशिमासमोरच ज्वालामुखी आहे हे त्याला माहीत होतं. तरी फोन ठेवल्यावर त्यानं तिथलं हवामान उघडलं. मनात एक आशा होती, की आईही खोटंच बोलत असेल आणि इथंच कुठंतरी जवळ असेल. पान म्हणालं, शहरावर राख. आई खरंच बोलत होती. ती सवय तिला पहिल्यापासून होती.

मार्चमध्ये आठव्या मजल्यावर कागोशिमाचा मेळा भरला. नोरियाकी मास्क न लावता गेला. काळ्या डुकराच्या डब्यासाठी मोठी रांग होती. तो उजवा पाय डाव्यावर ठेवून उभा राहिला आणि मागं न बघता मोजायला लागला. एक, दोन, तीन. मग वळला.

चौथ्या जागी मास्क लावलेला एक उंच तरुण होता. नोरियाकी इतका वेळ बघत राहिला की तो तरुण गडबडून म्हणाला, "काय झालं? तुम्ही आईच्या ओळखीचे आहात का?"

"नाही," नोरियाकी म्हणाला. "पण तुम्ही घरी जा."

त्यानं दोन डबे घेतले. खोलीवर येऊन मिसोचं सार केलं, दोन वाडग्यांत ओतलं आणि एक दक्षिणेकडं ठेवला. थोड्या वेळानं झाकण उचललं. कोरडंच होतं. त्यानं सार पुन्हा गरम केलं. पुन्हा झाकलं. तिसऱ्या खेपेला आतून बारीक थेंब धरले.

मग त्यानं डब्याच्या झाकणाची शितं खायला घेतली. एकेक.