मन वाचणारा टोप

फर्निचरच्या दुकानावरचा हॉल माणसांनी गच्च भरला होता. खुर्च्या संपल्यावर लोक भिंतींना चिकटून उभे राहिले, भिंती संपल्यावर जिन्यात. मंचावर एक खुर्ची, खुर्चीत एक म्हातारा, म्हाताऱ्याच्या डोक्यावर एक टोप. टोपातून निघालेल्या रंगीत वायरी एका काळ्या पेटीत शिरल्या होत्या आणि पेटीवर हिरवा दिवा लुकलुकत होता. शेजारी चाकांच्या स्टँडवर एक पडदा. त्याची पाठ लोकांकडे, तोंड 'सरां'कडे.

सर म्हणजे काळा टी-शर्ट, पांढरे बूट, गालावर आलेला माइक आणि हातांची अखंड हालचाल.

"मी बाबा नाही, बुवा नाही," ते म्हणत होते. "मी तुम्हाला विश्वास ठेवा म्हणत नाही. उलट, शंका घ्या! विज्ञान शंकेवर चालतं. मेंदूतल्या प्रत्येक विचाराला तरंग असतो, तरंगाला वारंवारता असते. आमचा टोप ती पकडतो, क्वांटम पातळीवर गाळतो आणि तुमचा विचार सोललेल्या फळासारखा माझ्यासमोर ठेवतो. यात चमत्कार शून्य!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. चमत्कार शून्य म्हटल्यावर लोकांना तो अधिकच मोठा चमत्कार वाटला.

सर पडद्याकडे पाहत म्हाताऱ्याभोवती फिरू लागले. "आजोबा, तुमचं आयुष्य अक्षरांत गेलंय. तुम्हाला एका यंत्राचा राग आहे. लिहिणाऱ्या यंत्राचा. थांबा... एक वाक्य गोल गोल फिरतंय. 'ज्याला चुकता येत नाही...'"

म्हातारा खुर्चीत पुढे सरकला.

"'...त्याला लिहिता येत नाही!' बरोबर?"

म्हाताऱ्याने तोंड ओंजळीत लपवलं. जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासलेला तो माणूस हुंदके देत म्हणाला, "हे मी कुणाला म्हणजे कुणाला बोललो नव्हतो हो!"

हॉलभर श्वास रोखले गेले. मागच्या रांगेत मात्र दातांच्या एका डॉक्टरबाई होत्या. त्यांनी श्वास रोखला नाही, भुवई उचलली. ते वाक्य त्यांच्या ओळखीचं होतं.

डॉक्टरबाई हौसेने आल्या नव्हत्या. आदल्याच दिवशी त्यांची भावजय दवाखान्यात येऊन रडली होती. "ताई, यांनी गोळ्या बंद केल्या. सर म्हणाले, गोळ्यांनी तरंग अडतात. परवा कामावर फिट आली, तर म्हणे जुने तरंग बाहेर पडताहेत, शुभ आहे. तुम्ही तरी समजवा."

'हे' म्हणजे डॉक्टरबाईंचा धाकटा भाऊ. लिफ्टचा मेकॅनिक. उंच इमारतींच्या शाफ्टमध्ये दोराला लटकून काम करणारा, आणि लहानपणापासून फिट येणारा. गोळ्या चालू असल्या की वर्ष-वर्ष काही होत नसे. डॉक्टरबाई समजवायला गेल्या, तर तो उसळला.

"ताई, तू आधी ये, बघ, मग बोल. मी काय अडाणी आहे? हात बघणाऱ्यांना मी सगळ्यांसमोर झोडपतो. पण हा माणूस वेगळा आहे. जे मी तुलासुद्धा सांगितलं नाही, ते त्याने मला सांगितलं."

"काय सांगितलं?"

"तेच तर. तुला नाही सांगितलेलं."

म्हणून डॉक्टरबाई आल्या. आणि म्हाताऱ्याच्या मनातलं वाक्य सरांच्या तोंडून ऐकताच त्यांना सगळं आठवलं.

डॉक्टरबाईंना एक खोड होती. रोग्याला भुलीचं इंजेक्शन दिलं की जबडा बधिर होईपर्यंत हातात काही काम नसे. तेवढ्या वेळात त्या फोनवर विज्ञानाच्या बातम्या वाचत आणि खाली शेरे मारत. नाव घेतलं होतं 'उपटसुंभ' आणि चित्र होतं दाढेचं. त्या बातम्यांखाली रोज जत्रा भरे. यान चंद्रावर उतरलं की एक म्हणे, आधी रस्त्यातले खड्डे बुजवा. दुसरा म्हणे, हे आमच्या पूर्वजांना ठाऊकच होतं. तिसरा बातमी न वाचताच तज्ज्ञ झालेला असे. कादंबरी लिहिणाऱ्या यंत्राच्या बातमीखाली कुणीतरी गंभीरपणे लिहिलं होतं, 'ज्याला चुकता येत नाही, त्याला लिहिता येत नाही.' त्यावर उपटसुंभ उत्तरला होता, 'मग आमच्या कंपाउंडरला यंदाचं पारितोषिक द्या.'

तोच हा म्हातारा! चारचौघांत ओरडून सांगितलेली गोष्ट तो 'कुणाला बोललो नाही' म्हणत होता, आणि खोटंही बोलत नव्हता बिचारा. फोनवर लिहिणं म्हणजे बोलणं, असं त्याला वाटतच नव्हतं.

डॉक्टरबाईंनी दाराजवळचा फलक पुन्हा वाचला. 'प्रवेश विनामूल्य. नोंदणीसाठी आपल्या नेहमीच्या खात्यावरून आमच्या पानाशी जोडले जा.' आणि प्रयोगाआधी तासभर सक्तीचं मौन, 'तरंग निवण्यासाठी'. त्या तासात मंचामागच्या बंद दाराआड काय होत असेल, हे त्यांच्या लक्षात आलं.

घरी आल्या आल्या त्यांनी पुढच्या रविवारच्या प्रयोगासाठी नाव नोंदवलं. उपटसुंभच्याच खात्यावरून.

तो आठवडा उपटसुंभने कहर केला. समुद्राखालून टाकलेल्या केबलची बातमी आली. खाली डॉक्टरबाईंनी लिहिलं, 'या केबलीपायीच माझे यजमान समुद्रात गेले. अजून दारावरची घंटा वाजली की वाटतं, तेच आले.' नामशेष हत्ती पुन्हा जन्माला घालणार, अशी बातमी आली. 'घालू नका. लहानपणी हत्तीवरून पडले, डावा पाय आखूड राहिला.' नव्या दुर्बिणीच्या बातमीखाली, 'जुळ्या बहिणीशी अशाच दुर्बिणीवरून भांडण झालं, ते आजतागायत बोलणं नाही.' नेहमीच्या मंडळींना उपटसुंभचा स्वभाव माहीत होता. एकाने समुद्राला शोकसंदेश पाठवला, दुसऱ्याने हत्तीच्या प्रकृतीची चौकशी केली.

"अहो," डॉक्टरबाई यजमानांना म्हणाल्या, "रविवारी माझ्याबरोबर यायचं. तुम्ही वारलेले आहात."

यजमानांचं रंगाचं दुकान होतं. फोन ते फक्त फोन करायला वापरत. "बरं," ते म्हणाले. "जेवून निघायचं ना?"

रविवारी हॉल आणखी गच्च. भाऊ पहिल्या रांगेत, शेजारी भावजय. यजमान तिसऱ्या रांगेत, पोटावर हात ठेवून. डॉक्टरबाईंचं नाव पुकारलं गेलं. टोप चढला. हिरवा दिवा लुकलुकला. एखाद्याला टोपी घालतात म्हणजे काय, ते त्यांना शब्दशः कळलं.

सरांनी पडद्याकडे पाहिलं. त्यांचा आवाज ओला झाला.

"पाणी... खूप पाणी दिसतंय. समुद्र. बाई, तुमचा माणूस या समुद्राने नेला."

हॉलमधून 'च्, च्' उमटलं. डॉक्टरबाईंनी मान खाली घातली. भाऊ वळून तिसऱ्या रांगेतल्या यजमानांकडे पाहू लागला.

"दारावरची घंटा वाजली की अजून वाटतं ना, तेच आले?"

"वाटतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "रोज साडेआठला वाजते."

"रडा बाई, मोकळ्या व्हा. आणि हा डावा पाय... एक मोठं जनावर... हत्ती! हत्तीवरून पडलात तुम्ही!"

पुढच्या रांगेत भाऊ ताडकन उठून उभा राहिला. ताईच्या लहानपणी तिच्या आसपास मांजरसुद्धा नव्हतं, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार?

डॉक्टरबाईंनी टोप काढला. "अहो, उठता का जरा?"

यजमान उठले. डॉक्टरबाई लोकांना म्हणाल्या, "हे माझे समुद्राने नेलेले यजमान. यांना पोहायला येत नाही म्हणून आम्ही कधी किनाऱ्यावरसुद्धा गेलो नाही. आणि हे माझे दोन्ही पाय, मोजून घ्या."

सर हसले. असल्या माणसांचं हसू कधी मरत नाही.

"टोप प्रतीकांत बोलतो, मंडळी! समुद्र म्हणजे संसार. त्यात यांचे पती बुडालेले आहेत. हत्ती म्हणजे अहंकार, आणि त्यावरून बाई आत्ता तुमच्या डोळ्यांदेखत पडल्या!"

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या! समोर जिताजागता नवरा उभा होता, तरी. मागून कुणी ओरडलं, "बाई, निगेटिव्ह लोकांनी यायचंच कशाला?" दुसरा म्हणाला, "एवढी शिकलेली बाई, तरी मन कोतं." डॉक्टरबाईंनी आयुष्यात पुष्कळ किडलेले दात पाहिले होते, पण इतक्या आनंदाने किडायला तयार असलेली गर्दी त्यांनी पाहिली नव्हती. लोकांना फसवलं जात नव्हतं. ते फसवणाऱ्याला हात देऊन वर खेचत होते.

दोन पावलं टाकून डॉक्टरबाईंनी पडद्याचा स्टँड धरला आणि लोकांकडे फिरवला.

पडद्यावर तरंग नव्हते. अक्षरं होती. वर दाढेचं चित्र आणि 'उपटसुंभ'. खाली त्यांचे शेरे एकाखाली एक. आणि त्याखाली कुणीतरी घाईघाईने टाइप केलेलं, 'नवरा समुद्रात. रडव.'

सर पडद्यावर झेपावले, पण मध्ये यजमान आले. यजमान रुंद होते.

तेवढ्यात सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पडद्यावर नवी ओळ उमटली. 'आता जुळी बहीण घे.'

मग आणखी एक. 'दुर्बिणीवरून भांडण. जोरात घे, बाई रडतेय की नाही?'

पहिल्यांदा एक बाई फिसकन हसली. मग सगळा हॉल. कुणीतरी मंचामागचं दार उघडलं, तर आत सरांचा मेहुणा कानाला हेडफोन लावून गाणी ऐकत टाइप करत बसलेला. त्याला बाहेरचं काही ठाऊकच नव्हतं. यजमानांनी दरम्यान काळ्या पेटीचं झाकण उचकटलं. आत एक सेल आणि एक दिवा. टोपाच्या वायरी पेटीत शिरून तिथेच थांबल्या होत्या, कशालाच न जोडलेल्या.

मुद्रितशोधक म्हातारा चष्मा पुसत मंचावर आला. "जरा वर सरकवा," तो म्हणाला. डॉक्टरबाईंनी मागच्या रविवारची यादी वर आणली. म्हाताऱ्याने आपलं वाक्य पाहिलं, बोटाने ओळ धरली आणि लालबुंद झाला. "माझंच वाक्य! मीच लिहिलेलं! आणि नालायकांनी उतरवताना ऱ्हस्व-दीर्घाच्या तीन चुका केल्यात!"

लोक पुढे सरसावले. आमचं दाखवा, आमचं दाखवा. डॉक्टरबाई यादी सरकवत होत्या, आणि एका ओळीवर त्यांचं बोट थबकलं. 'लिफ्टवाला. फिट येतात. शाफ्टमध्ये हात थरथरतात, घरी सांगत नाही. गोळ्यांचा कंटाळा. गोळ्या बंद करायला सांग, खूश होईल.'

त्यांनी पडदा बंद केला. मान वर केली, तर भाऊ त्यांच्याकडेच पाहत होता.

दुसऱ्या दिवशी सर गायब. हॉलच्या मालकाने तिथे पुन्हा सोफे रचले. कुणीतरी सगळ्या प्रकाराची बातमी फोनवर टाकली आणि तिच्याखाली जत्रा भरली. पहिल्या रांगेत टाळ्या पिटणाऱ्या एका गृहस्थाने लिहिलं, 'लोक इतके अडाणी कसे असतात?' दुसऱ्याने लिहिलं, 'मला पहिल्या दिवसापासून संशय होता.' हा तोच, निगेटिव्ह म्हणून ओरडलेला. उपटसुंभने त्या दिवशी काहीच लिहिलं नाही.

दुपारी भाऊ दवाखान्यात आला. बाहेर रोगी नव्हते. बसायला दुसरं काही नसल्यासारखा तो दातांच्या खुर्चीतच बसला.

"तू वाचलंस ना?" त्याने विचारलं.

"वाचलं."

"मेंदूत चिप बसवतात, त्या बातमीखाली लिहिलं होतं मी. 'मला बसवा रे, फिट येतात, गोळ्यांचा कंटाळा आलाय, लिफ्टच्या शाफ्टमध्ये हात थरथरतात, घरी सांगायची सोय नाही.' गंमत म्हणून. लोकांनी हसणारे चेहरे टाकले." तो खुर्चीच्या हातावरचं रेक्झिन नखाने उकरू लागला. "मग त्या माणसाने डोक्यावर टोप ठेवला आणि म्हणाला, तुला भीती वाटते. ताई, तोवर कुणी म्हणालंच नव्हतं गं तसं. मी त्याच्या पाया पडायचा बाकी होतो."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू नोकरी सोडायला लावली असतीस. आणि गोळ्यांनी दिवसभर झापड येते. वर लटकलेलं असताना झापड कशी परवडणार?"

डॉक्टरबाईंच्या जिभेवर एक झणझणीत उत्तर आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

"झापड येते हे तुझ्या डॉक्टरांना सांगितलंस?"

"नाही."

"मग चल. तेच सांगायला. गोळी बदलता येते, वेळ बदलता येते. पण सांगितल्याशिवाय त्यांना कळणार कसं? त्यांच्याकडे टोप नाही."

भाऊ हसला नाही, पण उठला. मेंदूच्या डॉक्टरांनी गोळी हळूहळू बदलून दिली आणि शाफ्टमध्ये उतरायचं नाही, अशी चिठ्ठीही दिली. कंपनीने त्याला वर्कशॉपमध्ये पॅनेलच्या वायरिंगवर बसवलं. त्याला ते मुळीच आवडलं नाही. महिनाभर तो ताईशी तुटक बोलला. पण गोळ्या चालू राहिल्या आणि दुपारी फोन वाजला तरी भावजय दचकेनाशी झाली.

वाचकहो, तो माणूस आता दुसऱ्या गावात दुसरा हॉल शोधत असेल. टोपाऐवजी चष्मा असेल, घड्याळ असेल, आणखी काही असेल. 'मी बाबा नाही' हे वाक्य मात्र तेच असेल. उद्या कुणी तुमच्या मनातलं तुम्हाला सांगितलं, तर डोळे भरून येण्याआधी एवढंच विचारा, याला हे कळलं कुठून? यंत्राचं झाकण उघडून मागा. पडदा आपल्याकडे फिरवून मागा. फिरवायला तयार नसेल, तर उठून घरी जा. आणि औषध बंद करा म्हणाला, तर आधी डॉक्टरांकडे जा, मग पोलिसांकडे.

मन वाचणारं यंत्र त्या हॉलमध्ये नव्हतं, दुसऱ्या कुठल्या हॉलमध्येही नसेल. घरातल्या माणसाच्या मनात काय आहे, हे त्यालाच विचारावं लागतं, आणि त्याचं बोलून होईपर्यंत गप्प बसावं लागतं.