कान की श्वास

ताईने जंतू वाढवलेली काचेची ताटली पुन्हा उजेडात धरली. जंतू ओळखण्यात तिची उभी हयात गेली होती, पण या खेपेला प्रयोगशाळेत आलेला कफ तिच्या पाठच्या भावाचा होता. ताटलीत औषधांच्या बारीक चकत्या ठेवलेल्या. जे औषध लागू पडतं त्याच्याभोवती जंतू वाढत नाहीत, स्वच्छ रिंगण उरतं. इथे तर जंतू चकत्यांना खेटून माजले होते. भावाला सलाईनमधून चाललेलं औषधही त्यातलंच. रिंगण होतं ते एकाच चकतीभोवती.

तिने वॉर्डातल्या डॉक्टरांना फोन लावला. "चालू आहे ते नुसतं पाणी आहे. बदला."

तिने नव्या औषधाचं नाव सांगितलं, तसं डॉक्टरांनी ते पुन्हा विचारून घेतलं. मग म्हणाले, "ते कानांवर जातं, मॅडम. गेलेले कान परत येत नाहीत. आणि तुमचे भाऊ पियानो सुरात लावायचं काम करतात ना?"

"हो. पण दुसरं काही उरलेलंच नाही."

"मग त्यांना विचारा. अजून शुद्धीवर आहेत."

ताई जिने धावत चढली. मास्कखाली भाऊ धापा टाकत होता. ओठ निळे पडलेले.

"छोट्या, ऐक. हा न्यूमोनिया कशालाच दाद देत नाहीये. एक औषध उरलंय. त्याने कान जातील कदाचित."

त्याने मास्क सरकवला. "दोन्ही?"

"दोन्ही."

त्याने डोळे मिटले. पडद्यावरचा प्राणवायूचा आकडा घसरत होता. ताईने त्याचा खांदा हलवला. "अरे, काहीतरी बोल!"

"तुझी बडबड... तेवढीच... टळेल," तो म्हणाला आणि तिचं मनगट करकचून धरलं. "दे."

पुढचे दिवस तिने जीव मुठीत धरून काढले. ताप हटता हटेना. मग एका सकाळी त्याचा श्वास संथ झाला, आणि ती तिथेच भिंतीला टेकून खाली बसली.

घरी आल्यावर तो पहिल्यांदा गेला तो पियानोपाशी. डावीकडून एकेक पट्टी दाबत निघाला. मधोमध ठीक होतं. उजवीकडच्या उंच सुरांपाशी त्याचा हात अडखळला.

"ताई, इथून पुढे नुसती लाकडाची टकटक येते."

"जगलास ना," हे तिच्या ओठांवर आलेलं तिने गिळलं आणि त्याच्या शेजारी बसली. त्याने खुंट्या पिळायची चावी उचलली आणि अजून ऐकू येणाऱ्या खर्जाच्या तारा जुळवायला घेतल्या.